पलंगासमोरचा आरसा किती उंचीवर हवा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पलंगासमोर आरसा असला की नवरा-बायकोत तिसरे माणूस येते, झोपेत आत्मा स्वतःच्याच प्रतिबिंबाला दचकतो, असे फेंगशुईचा हजारो वर्षांचा नियम म्हणून सर्रास सांगितले जाते. त्यापायी लोक कपाटांची चांगली दारे उखडतात, नाहीतर ‘उपाय’ म्हणून आणखी एक वस्तू आणून भिंतीला टांगतात. या नियमातले पाळण्याजोगे काय आणि सोडून द्यावे असे काय, हे निवडून सांगण्यासाठी हे पत्र.

चीनमधली ही विद्या मुळात थडगी आणि घरे कुठे बांधावीत याची. वारा अडेल आणि पाणी जवळ असेल अशी जागा शोधायची. नावाचा अर्थही ‘वारा-पाणी’ असाच. त्या काळचे आरसे काशाचे आणि बहुधा हातात मावणारे. चौथ्या शतकातला ताओ पंथीय लेखक गे होंग तर डोंगरात जाणाऱ्या साधकाने पाठीवर आरसा बांधावा असे सांगतो, कारण माणसाचे सोंग घेतलेल्या भुताचे खरे रूप आरशात उघडे पडते. तिथे आरसा राखणदार आहे. काचेवर चांदीचा पातळ थर चढवण्याची रीत युस्टुस फॉन लीबिग यांनी १८३५ मध्ये शोधली. माणसाच्या उंचीचे आरसे साध्या घरांत आले ते त्यानंतर. मग कपाटाच्या दारावरच्या आरशाचा नियम ‘हजारो वर्षांचा’ कसा असेल? उपाय म्हणून दिला जाणारा अष्टकोनी पाकुआ आरसाही परंपरेने घराबाहेर, दारावर लावायचा असतो. तो झोपायच्या खोलीत टांगणे त्या परंपरेलाही धरून नाही. त्याचा अंतर्गोल (मध्ये खोलगट) प्रकार खिडकीपाशी तर नकोच. उन्हाचा झोत एका बिंदूवर गोळा होऊन पडद्याला आग लागू शकते.

तरीही भीती अगदीच निराधार नाही. इटलीतील मानसशास्त्रज्ञ जोव्हान्नी कापुतो यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ५० जणांना मंद उजेडात १० मिनिटे आरशात पाहायला बसवले होते. त्यांतील ६६ टक्के लोकांना स्वतःचा चेहरा भयंकर बदललेला दिसला. अंधुक प्रकाशात डोळ्यांकडून माहिती अपुरी येते आणि उरलेले चित्र मेंदू आपल्या मनाने पुरे करतो. अर्धवट झोपेत उठलेल्या माणसाला समोर काहीतरी हलताना दिसले तर तो दचकणारच. शिवाय खिडकीसमोरचा आरसा रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड थेट उशीवर आणून टाकतो. म्हणून एवढेच पाहावे, की झोपलेल्या माणसाला आरशात स्वतःचे रूप दिसू नये. ते आरशाच्या उंचीवर ठरते, आणि उंची मोजता येते.

पाठीवर झोपल्यावर डोळे जमिनीपासून साधारण ६० सेंटिमीटरवर असतात. उभ्या सपाट आरशात स्वतःचे डोळे दिसायला आरशाचा काही भाग नेमका त्याच उंचीवर असावा लागतो. खालची कड त्याच्या वर असली, तर झोपलेल्याला फक्त उशामागची भिंत आणि छत दिसते. दुसरीकडे, उभ्याने पूर्ण शरीर पाहायला आपल्या उंचीच्या निम्मा आरसा पुरतो. १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीचे डोळे १५० वर धरले, तर ७५ ते १५५ सेंटिमीटरच्या पट्ट्यात बसवलेल्या ८० सेंटिमीटर आरशात ती नखशिखांत दिसते आणि झोपल्यावर अजिबात दिसत नाही. पलंगावर उठून बसल्यावर मात्र दिसेल. तेही नको असेल तर आरसा बाजूच्या भिंतीवर, पायथ्याच्याही पुढे सरकवावा.

चूक होते ती टांगण्यात. दोरीवर लटकवलेल्या आरशाचा वरचा भाग पुढे झुकतो. अडीच मीटरवरून केवळ ५ अंशांचा झुकाव असला, तरी झोपलेल्याला स्वतःचे डोळे जिथे दिसतात तो बिंदू सुमारे २२ सेंटिमीटर वर चढतो, म्हणजे ६० चा ८२ होतो, आणि सगळे गणित फसते. खालच्या कडेमागे लाकडी ठोकळे लावून आरसा ओळंब्यात आणावा.

सरकत्या दारांचे आरसे काढायची गरज नाही. जमिनीपासून ७५ सेंटिमीटर उंचीपर्यंत धूसर फिल्म चिकटवली की प्रतिबिंब जाते, उजेड राहतो. काच साबणाच्या पाण्याने ओली करावी, फिल्म मधून कडेकडे रबरी पट्टीने दाबत न्यावी आणि कडेपासून २ मिलिमीटर आत कापावी, नाहीतर टोके उचलली जातात.

उशाच्या वर आरसा टांगू नये, हा नियम मात्र बिनशर्त पाळावा. ५ मिलिमीटर जाडीच्या काचेचे वजन चौरस मीटरला साडेबारा किलो भरते. इतर भिंतीला काच चिकटवायचीच असेल तर व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन वापरू नये. त्यातले आम्ल मागचा थर खाते आणि काळे डाग पडू लागतात (बोलीत आपण याला ‘पारा उडाला’ म्हणतो, पण आजच्या आरशात तो चांदीचा थर असतो). आरशासाठीचे न्यूट्रल सिलिकॉन उभ्या रेघांत लावावे, म्हणजे मागे हवा खेळते. काचेच्या पाठीला सुरक्षा फिल्म असावी आणि खालच्या कडेला धातूची आधारपट्टी.

आपला,
एक गृहसजावटकार