सिंथ पेडलच्या परीक्षणात ट्रॅकिंगचीही नोंद हवी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बेस गिटारसाठीच्या सिंथ पेडलचे, म्हणजे बेसच्या आवाजाला सिंथेसायझरचे रूप देणाऱ्या डब्याचे, परीक्षण छापून येते तेव्हा त्यात आवाज किती, डबा केवढा आणि किंमत किती हे आवर्जून दिलेले असते. पेडल कुठल्या स्वरापर्यंत बिनचूक चालते (यालाच ट्रॅकिंग म्हणतात), बेसचा मूळ आवाज, म्हणजे ड्राय, वेगळा कमीजास्त करता येतो का आणि वीज किती लागते, हे मात्र बहुतेक वेळा राहून जाते. मोजक्या पैशांत पहिले सिंथ पेडल घेणारा नेमका याच तीन गोष्टींत अडकतो. या बाबी परीक्षणात छापाव्यात अशी विनंती आहे. त्या का महत्त्वाच्या आहेत, ते सविस्तर लिहीत आहे.

मूळ अडचण बेसच्या खालच्या स्वरांत आहे. खुली ई तार सेकंदाला ४१.२ वेळा कंप पावते, म्हणजे एक कंपन पुरे व्हायला सुमारे २४ मिलिसेकंद लागतात. स्वर ओळखणाऱ्या पेडलला निदान एक पुरे कंपन पाहावे लागते, खात्री हवी तर दोन. बोट तारेवरून सुटल्यावर जवळपास ५० मिलिसेकंदांनी सिंथ बोलू लागला, तर ड्रमच्या किकबरोबर वाजवताना तो मागे पडल्याचे लगेच कळते. ए तारेच्या सातव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरची आडवी पट्टी) ई घेतला तर तो ८२.४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ८२.४ कंपनांचा असतो आणि उशीर निम्म्यावर येतो. डी तारेच्या सातव्या फ्रेटवरचा ए ११० हर्ट्झचा, त्याचे कंपन ९ मिलिसेकंदांतच पुरे होते. म्हणून बोटे वरच्या फ्रेटवर ठेवावीत आणि आवाज एक सप्तक खाली नेण्याचे काम पेडलवर सोपवावे. पाच तारी बेसची खुली बी तर ३०.९ हर्ट्झची असते. ती नीट पकडणारे स्वस्त पेडल शोधण्यात वेळ घालवू नये.

स्वस्तातले आणि माझ्या मते सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे अ‍ॅनालॉग ऑक्टेव्ह पेडल, त्याच्या नावात सिंथ हा शब्द नसला तरी. १९८२ ते २००३ या काळात निघालेले बॉसचे ओसी-२ हा त्याचा नमुना. ते स्वर ओळखत बसत नाही. आत येणाऱ्या दर दोन कंपनांमागे एक लहर बाहेर सोडते, की झाला एक सप्तक खालचा आवाज. तोच भागाकार पुन्हा केला की दोन सप्तके खालचा. ओळखण्यात वेळ जात नसल्याने बोटाला उत्तर चटकन मिळते. ड्रायचा नॉब शून्यावर आणून फक्त पहिल्या खालच्या सप्तकाचा नॉब वर ठेवला, तर ऐकू येणारा जाड, पोकळ आवाज हा सिंथ बेसच असतो. २०२०च्या ओसी-५ मध्ये व्हिंटेज मोडला हाच स्वभाव मिळतो.

कंपने मोजण्याच्या या पद्धतीत एक खोट आहे. तारेच्या मूळ स्वरापेक्षा तिच्यातून आपोआप उमटणारा वरच्या सप्तकातला स्वयंभू स्वर जोरात असला, तर पेडलची मोजणी चुकते. आवाज मध्येच सप्तकभर वर उडी मारतो, परत येतो, पुन्हा उडतो. तार क्षीण होत आली की तो गुळण्या केल्यासारखा घरघरतो. उपाय बेसवरच आहेत. नेकजवळचा (मानेजवळचा) पिकअप, म्हणजे तारेचे कंपन टिपणारा भाग, निवडावा, टोनचा नॉब जवळजवळ पूर्ण बंद करावा, तार फ्रेटबोर्ड संपतो तिथे बोटाच्या मऊ भागाने छेडावी आणि उरलेल्या तारा दोन्ही हातांनी दाबून धराव्यात. शेजारची एखादी तार किंचित गुणगुणत असेल तरी मोजणी बिघडते. स्वर संपवताना तो आपोआप विरू न देता डाव्या हाताने तोडावा, म्हणजे शेवटची घरघर ऐकूच येत नाही. स्लॅप (अंगठ्याने तार आपटणे) आणि मुक्या ठोक्यांना ही पेडले कायम अडखळतात. ती पेडलची उणीव मानू नये.

ऑक्टेव्हनंतर फझ (आवाज फाडून खरबरीत करणारे पेडल) आणि त्यानंतर एन्व्हलप फिल्टर (छेडण्याच्या जोरानुसार उघडमीट होऊन वरचे स्वर कापणारे पेडल) जोडला की सिंथचा सगळा सांगाडा हाती येतो. क्रम तोच ठेवावा. ऑक्टेव्ह सर्वांत आधी, कारण त्याला स्वच्छ तार लागते. फझ मधे, कारण फिल्टरला कापायला वरचे स्वयंभू स्वर भरपूर लागतात आणि ते फझ पुरवतो. फिल्टर शेवटी. इथे एक पेच येतो. फिल्टर किती उघडायचा हे छेडण्याच्या जोरावर ठरते आणि फझ तर जोराचा चढउतारच सपाट करून टाकतो. मग फिल्टर एकदा उघडतो आणि तसाच राहतो, 'वाव' असा आकार येतच नाही. नव्याने पेडले जोडणारा इथेच चांगला फिल्टर बिघडलेला समजून विकून टाकतो. आधी फझचा गेन, म्हणजे आवाज फाडण्याचे प्रमाण, निम्म्याखाली आणावा. त्याने भागले नाही तर फझला ब्लेंडचा (मिसळण्याचा) नॉब असल्यास थोडा ड्राय मिसळावा, म्हणजे छेडण्याचा जोर फिल्टरपर्यंत पोहोचतो. ज्या फिल्टरला जोर मोजण्यासाठी वेगळा इनपुट असतो, त्यात बेस फझच्या आधीच फोडून थेट नेता येतो. हा उत्तम मार्ग, पण अशी पेडले थोडी आहेत. फिल्टर फझच्या आधी लावला तर तो हलतो नक्की, मात्र आवाज सिंथपेक्षा घोगऱ्या वाह पेडलकडे झुकतो. हलके-जोराचे स्वर सारखे करणारा कॉम्प्रेसरही जोर सपाट करतो, म्हणून तो फिल्टरनंतर ठेवावा.

फिल्टरच्या सेन्सिटिव्हिटीचा (संवेदनशीलतेचा) नॉब घाईने लावू नये. तो पूर्ण खाली ठेवून, गाण्यात जितका हलका स्वर येणार असेल तितक्याच हलक्या हाताने तार छेडत राहावे आणि नॉब हळूहळू वर न्यावा. त्या हलक्या स्वराला पेडल हमखास जागे होऊ लागले की तिथेच थांबावे. मग सर्वांत जोराचा स्वर वाजवून पाहावा. फिल्टर पार शेवटपर्यंत उघडून आवाज किरकिरत असेल तर नॉब तसाच ठेवून फिल्टरची रेंज कमी करावी. अ‍ॅक्टिव्ह (बॅटरीवर चालणाऱ्या) बेसचा सिग्नल तगडा असतो, त्यामुळे पेडलचा इनपुटच फाटतो. तेव्हा बेसचा व्हॉल्यूम थोडा उतरवावा. पॅसिव्ह (बिनबॅटरीच्या) बेसचा व्हॉल्यूम मात्र पूर्ण उघडा असावा.

ज्यांना एकच डबा हवा आहे त्यांच्यासाठी थोडे. बेहरिंगरचे बीएसवाय६०० सर्वांत स्वस्तांपैकी आहे. खोके प्लास्टिकचे असल्याने पाय जपून ठेवावा लागतो, पण सिंथचा आवाज आपल्या संगीतात बसतो का हे ताडून पाहायला ते पुरते. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या बेस मोनो सिंथमध्ये ११ प्रकार आहेत आणि ड्राय व सिंथ यांचे नॉब वेगळे आहेत. फार उठाठेव न करता वाजवू इच्छिणाऱ्याला ते सुचवावेसे वाटते. त्याच कंपनीचे बेस मायक्रो सिंथ वेगळ्या जातीचे, अ‍ॅनालॉग आहे. त्यावर दहा सरकपट्ट्या असतात आणि सप्तके, चौकोनी लहर, फिल्टरची सुरुवात, शेवट व वेग हे सगळे हाताने जुळवावे लागते. शिकण्यासाठी त्यासारखे दुसरे नाही. कार्यक्रमात दोन गाण्यांच्या मधे दहा पट्ट्या हलवणे मात्र जमत नाही. २०१९चे बॉस एसवाय-१ एकाहून अधिक स्वर एकत्र पेलते. ते बेसवर लावताना गिटार आणि बेस निवडण्याचा स्विच पाहून घ्यावा. तो चुकीच्या बाजूला राहिला तर खालचे स्वर दुबळे वाटतात आणि दोष पेडलला दिला जातो. झूमच्या एमएस-६०बी सारख्या मल्टिइफेक्टमध्येही (अनेक पेडलांचे काम करणाऱ्या डब्यातही) सिंथचे काही आवाज असतात. एरवी कॉम्प्रेसर, कोरस वगैरे लागणारच असतील तर जुन्या बाजारात हा फायद्याचा सौदा ठरतो. फक्त घरी ध्वनिमुद्रण करायचे असेल, तर पेडलऐवजी संगणकातला सिंथ वाजवणारा छोटा मिडी कीबोर्ड घेणे सोयीचे. त्यात ट्रॅकिंगचा प्रश्नच येत नाही.

ड्राय मिसळण्यातला एक धोका क्वचितच कोणी सांगतो. पेडलच्या आतला ऑसिलेटर, म्हणजे स्वतः लहर निर्माण करणारा भाग, बेसच्याच स्वरात वाजत असेल, तर दोघांच्या लहरी दर वेळी वेगळ्या जागी जुळतात. एक स्वर भरीव लागतो, पुढचा तोच स्वर पोकळ, कारण दोन लहरींनी एकमेकींना खोडलेले असते. माणूस मग हात सुधारू पाहतो किंवा पिकअपची उंची बदलतो, आणि त्याने काही होत नाही. एकतर ड्राय पूर्ण बंद करावा, नाहीतर सिंथ एक सप्तक खाली ठेवावा. तिसरा मार्ग म्हणजे सिंथमधला खालचा भाग हायपास फिल्टरने (खालचे स्वर अडवणाऱ्या फिल्टरने) कापून बुडाचे काम ड्रायकडे द्यावे. शेवटचा मार्ग गजबजलेल्या वाद्यवृंदात सर्वांत साफ ऐकू येतो.

स्पीकरकडेही लक्ष हवे. खुल्या ई तारेच्या एक सप्तक खाली २०.६ हर्ट्झ येतात. ते बहुतेक कॅबिनेटमधून (स्पीकरच्या पेटीतून) ऐकू येत नाहीत, पण स्पीकरचा कोन, म्हणजे पडदा, मात्र जोरजोरात आतबाहेर ढकलत राहतात. पेडलांच्या साखळीच्या अखेरीस ३० ते ३५ हर्ट्झवर हायपास फिल्टर लावल्यास कोन वाचतो आणि आवाजही घट्ट होतो. सरावाच्या लहान अ‍ॅम्पमध्ये सप्तक खालचा आवाज ऐकू आला नाही म्हणून पेडल नापास करू नये, हेडफोन लावून पाहावे.

विजेचा हिशेब घेण्याआधीच करावा. बहुतेक पेडलांना ९ व्होल्ट लागतात आणि प्लगच्या मध्यभागी ऋण टोक असते, पण नव्या बनावटीच्या बेस मायक्रो सिंथला २४ व्होल्ट लागतात. तो अ‍ॅडॅप्टर चुकून शेजारच्या पेडलमध्ये खुपसला तर ते जळू शकते, म्हणून त्याच्या वायरीला रंगीत टेप गुंडाळून ठेवावी. जुन्या बॉस पेडलवर एसीए (बॉसच्या जुन्या जातीच्या अडॅप्टरचे नाव) असे लिहिलेले असले तर नेहमीच्या ९ व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरवर त्याला पुरेशी शक्ती मिळत नाही. डिजिटल आणि अ‍ॅनालॉग पेडले एकाच फाटे फोडलेल्या वायरीवर लावली की बारीक शिट्टी ऐकू येऊ लागते. डिजिटल पेडलला स्वतंत्र वीज दिली की ती थांबते.

जुने पेडल घ्यायला जाताना आपलाच बेस आणि आपलीच केबल न्यावी. ई तारेवर बाराव्या फ्रेटपासून एकेक फ्रेट खाली येत प्रत्येक स्वर मोजून दोन सेकंद धरावा, ड्राय बंद ठेवून. जिथे घरघर सुरू होईल तो फ्रेट लिहून घ्यावा. पाचव्या फ्रेटच्या खाली अडखळणे बहुतेक अ‍ॅनालॉग ऑक्टेव्हला चालते. त्याच्या वरच अडखळत असेल तर टोन बंद करून पुन्हा पाहावे, आणि तरीही तसेच झाले तर पेडल परत करावे. नॉब फिरवताना होणारी खरखर क्लीनरने जाते. डीसी जॅक हलवल्यावर दिवा लुकलुकत असेल तर मात्र नव्याने झाळकाम करावे लागेल, तो खर्च किमतीतून वजा करून बोलावे.

आपला नम्र,
एक बेसवादक वाचक