सडणारे फणस चैत्रातच उतरवा

संपादक महोदय,

फाल्गुन सरता सरता कोकणातल्या विहिरी तळ गाठतात, परड्यातल्या माठ-मुळ्याला पाणी पुरत नाही आणि आठवडा बाजारात सगळी भिस्त घाटावरच्या कोबी-फ्लॉवरवर येते. नेमक्या त्याच दिवसांत मागीलदारच्या फणसाला घोस लागलेले असतात. मृगाच्या पावसात त्यांतले बरेचसे पिकून झाडाखाली सडतात. हेच फणस कुयरी म्हणजे कोवळे असताना उतरवले, तर भाजीची चणचण भागते आणि घोसातली दाटी कमी होऊन राहिलेले फणस चांगले पोसतात.

कुयरी सोललेल्या नारळापेक्षा थोडी मोठी, किलो-दीड किलोची असावी. सुरी आरपार गेली पाहिजे. मध्येच अडली तर आठळीने, म्हणजे आतल्या बीने, कवच धरले, असे समजावे. मग ठेचून केलेली भाजी चोथट लागते. अशा फणसाचे गरे सोडवून कच्च्या गऱ्यांची भाजी करावी. झाडाखाली गळून पडलेली काळी बोंडे घेऊ नयेत. तो बहुधा नर फुलोरा असतो, त्याचा फणस होतच नाही.

खरी धास्ती चिकाची. काढलेली कुयरी देठ खाली करून तासभर निथळत ठेवावी. हाताला आणि विळीच्या पात्याला आधीच खोबरेल लावावे, कारण चीक पाण्याने निघत नाही, तेलाने सुटतो. जाड चकत्या करून काटेरी साल काढावी, मधला दांडा टणक असेल तर तोही. फोडी उघड्या राहिल्या की काळ्या पडतात, म्हणून चिरताच त्या ताक घातलेल्या पाण्यात टाकाव्यात. कुकरला दोन-तीन शिट्या पुरतात. मग चाळणीत पूर्ण निथळून वरवंट्याने ठेचावे. पाणी राहिले तर लगदा होतो, भाजी मोकळी होत नाही. किलोभर कुयरीला वाटीभर काळे वाटाणे रात्री भिजवून वेगळे शिजवावेत, कारण त्यांना वेळ जास्त लागतो. मोहरी, हिंग, हळद, सुक्या मिरच्यांची फोडणी, बोटभर गूळ, आणि खोबरे सढळ हाताने.

ओल्या काजूगरांचे कौतुक सगळ्यांनाच आहे, पण बी फोडताना हाताला राख किंवा तेल हवेच. सालीतल्या तेलाने कातडी सोलवटते. पिकल्या फणसाच्या आठळ्या मात्र टाकू नयेत. गराचा अंश राहिला तर बुरशी येते, म्हणून धुऊन, सावलीत सुकवून, माती फासून ठेवल्या की पावसाळ्यात कामी येतात. भाजताना प्रत्येकीला चीर द्यावी, नाहीतर फुटून उडतात.

शहरात चिकाच्या खटाटोपाला कोणी तयार नसते. म्हणून गावोगावच्या बचत गटांनी कुयरी सोलून, फोडी ताकाच्या पाण्यात ठेवून सकाळच्या बाजारात आणावी आणि ग्रामपंचायतींनी त्यासाठी चैत्र-वैशाखात सावलीची जागा द्यावी. दुपारच्या उन्हात त्या फोडी आंबतात. माल अकराच्या आत विकला गेला पाहिजे.

— एक वाचक, जि. रत्नागिरी