सुलभा देशपांडे यांची अपुरी ओळख

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रंगभूमीवरून मालिका-सिनेमांकडे वळलेल्या अभिनेत्रींवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. त्यात सुलभा देशपांडे यांच्या वाट्याला दोनच ओळी आल्या आहेत: ‘इंग्लिश विंग्लिश’मधली श्रीदेवीची सासू आणि ‘चौकट राजा’मधली आई. या भूमिका मलाही प्रिय आहेत. पण ‘सुरुवात रंगभूमीवरून केली’ एवढ्यावर त्यांचं नाटक उरकलेलं पाहून फार वाईट वाटलं.

विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ साली ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेने रंगमंचावर आणलं. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं आणि नायिका लीला बेणारेची भूमिका सुलभाताईंची. गंमत म्हणून मांडलेला खटला बघता बघता बेणारेच्या जिवावर उठतो आणि अखेर आरोपीला बोलायला दहा सेकंद मिळतात. तेवढ्या अवधीत तेंडुलकरांनी एक दीर्घ स्वगत ठेवलं आहे. कोर्टातल्या कोणालाच ते ऐकू जात नाही, ऐकतो फक्त प्रेक्षक. संताप, उपहास, जगण्याची ओढ आणि पोटातल्या बाळाची काळजी, हे सगळं एका दमात पेलायचं. मराठी नटीचा कस लागणारी याहून अवघड जागा मला तरी आठवत नाही. सुदैवाने सत्यदेव दुबे यांनी १९७१मध्ये या नाटकावर चित्रपट केला आणि त्यातही बेणारे सुलभाताईच आहेत. म्हणून ती भूमिका निदान पडद्यावर तरी उरली.

शिवाय सिनेमा मिळाला म्हणून त्यांनी नाटक सोडलं, असं झालंच नाही. १९७१मध्येच अरविंद देशपांडे आणि अरुण काकडे यांच्यासोबत त्यांनी ‘आविष्कार’ ही नाट्यसंस्था उभी केली. ज्या दादरच्या छबिलदास शाळेत त्या शिकवत, तिथल्याच सभागृहात पुढे प्रायोगिक नाटकांची चळवळ रुजली. मुलांसाठी ‘चंद्रशाला’ ही ‘आविष्कार’ची बालनाट्य शाखा आणि ‘दुर्गा झाली गौरी’ हे नाटक, हेही त्यांचंच काम. श्याम बेनेगल यांच्या ‘भूमिका’त स्मिता पाटीलची आई त्यांनी केली, ती याच काळात. पुढे हिंदी मालिकांनी त्यांना घरोघरी नेलं. १९८७चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार मात्र नाटकासाठी आहे, आणि लेखात त्याचा उल्लेखही नाही!

४ जून २०१६ रोजी त्या गेल्या. आज विशीत असलेल्यांना त्यांचं नाटक पाहता येणार नाही. त्यांच्यापर्यंत ते पोहोचेल ते आता लिहिण्यातूनच, आणि त्यासाठी वर्तमानपत्राइतकी मोठी जागा दुसरी नाही.

म्हणून दोन विनंत्या. कलावंतांचा परिचय छापताना चित्रपटांच्या यादीशेजारी नाटकाचं नाव, भूमिका, संस्था आणि दिग्दर्शक आवर्जून द्यावेत. आणि ‘आविष्कार’मध्ये सुलभाताईंसोबत काम केलेले रंगकर्मी आज आपल्यात आहेत, तोवर त्यांच्या आठवणींची एक मालिका पुरवणीत सुरू करावी.

आपली,
एक नाट्यप्रेमी वाचक