नऊ गुंठ्यांचा हिशोब

चि. माईस,
अनेक आशीर्वाद.

परवा तुला स्टँडवर सोडून घरी आलो तर तुझा डबा ओट्यावरच राहिलेला. तुझी आई दिवसभर माझ्याशी बोलली नाही, जसा काही मीच विसरलो. रात्री तोच डबा दोघांनी खाल्ला. फोनवर तू "हो नाना, हो नाना" करून ठेवून देतेस, म्हणून लिहितो.

नेमणुकीचा कागद पाटणादेवीला नेऊन आणला. वाटेत जो भेटला त्याला सांगितलं, पोरगी भूकरमापक झाली. निम्म्यांना शब्द उलगडला नाही. मग म्हटलं, मोजणीवाली. तेव्हा मान हलवतात आणि लगेच आपल्या बांधाचं गाऱ्हाणं सुरू करतात.

मोजणीला एकटी जाऊ नकोस. एवढंच सांगायचं होतं. बाकी तुला कळतं.

आणि हे बघ, कुणी चार बांधांची मापं सांगून क्षेत्र विचारलं तर उत्तर देऊ नकोस, आधी कर्ण मोजायचा. समोरासमोरच्या बांधांची सरासरी काढून गुणाकार करणारे अजून गावोगाव आहेत. त्यांचं क्षेत्र नेहमी जास्तच निघतं, काटकोनी आयत असेल तरच बरोबर. कागदावर आधी आकृती काढावी, मापं एकाच एककात घ्यावीत, फूट आणि मीटर यांची खिचडी करू नये. अगं, मी कुणाला शिकवतोय! तुझ्याकडे आता ते उपग्रहावरून मोजणारं रोव्हर यंत्र आहे. माफ कर, बापाची सवय.

तुला आठवतं का, आठवीत असताना तू वावरात चार तुराट्या सुतळीने बांधून चौकोन केला होतास? एका कोपऱ्याला बोटाने ढकललंस तर तो आडवा पडत गेला, पार चपटा. म्हणालीस, "नाना, काठ्या त्याच, परिमिती तीच, आतली जागा कुठे गेली?" मग पाचवी तुराटी कर्णावर बांधलीस आणि चौकोन जागच्या जागी थांबला. मी उकिडवा बसून बघत होतो. विडी विझली तरी कळलं नाही.

त्याच दिवशी आपण आजोबांची ३३ फुटांची दोरी घेऊन बांध मोजले. दोरी बाय दोरी म्हणजे एक गुंठा, एवढं मला येत होतं. वरचा बांध ६ दोऱ्या, खालचा १२, विहिरीकडचा ८, नाल्याकडचा तिरपा १०. आजोबांच्या हिशोबाने ९ गुणिले ९, म्हणजे ८१ गुंठे. दोन एकर एक गुंठा. जन्मभर हेच ऐकलं. तू म्हणालीस, वरचा-खालचा बांध समांतर आहे, विहिरीकडे काटकोन आहे, हा समलंब चौकोन. उंची ८, तिरपी बाजू उंचीत धरायची नाही. ६ आणि १२ ची बेरीज १८, निम्मे ९, गुणिले ८. बहात्तर.

मी ऐकलं नाही. मग वरच्या बांधाच्या नाल्याकडच्या टोकापासून विहिरीच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत दोरी धरायला लावलीस. भरली १०. एक त्रिकोण २४ चा, दुसरा ४८ चा. पुन्हा बहात्तर. वर सांगितलंस की परिमिती ३६ दोऱ्या आहे, तेवढ्याच तारेत ९ बाय ९ चा चौरस बसतो, आणि त्याचे मात्र ८१ गुंठे होतात. "आजोबांनी मनातल्या मनात वावर चौरस केलं." तुझं हसू मला तेव्हा लागलं होतं.

का लागलं, ते तुला कुणी सांगितलं नाही. तू सहावीत होतीस तेव्हा मी मोजणीचा अर्ज केला होता. तुझ्या काकाने बांध सरकवून नऊ गुंठे गिळले, हे मी धरून बसलो होतो. मोजणीला एक तरुण मुलगा आला. ७३ आर निघतात म्हणाला, म्हणजे तेच ७२ गुंठे. सातबाराही तेच सांगत होता. मी त्याची गचांडी धरली. काकाचे पैसे खाल्लेस म्हणालो, चारचौघांत. ढकललं तर तो बांधावरून खाली बाभळीच्या फेसाटीत पडला. हात सोलला. त्याने कागद गोळा केले, काही बोलला नाही. त्याच्या हिशोबात एका गुंठ्याचीही चूक नव्हती.

काकाकडे जायला मला नंतरची दिवाळी उजाडली. त्या मुलाची तोवर बदली झालेली.

म्हणून म्हणतो, एकटी जाऊ नकोस. तू सांगितलेली ती भास्कराचार्यांची गोष्ट आठवते, की कर्ण किंवा लंब न देता नुसत्या बाजूंवरून चौकोनाचं क्षेत्रफळ विचारणारा पिशाच आणि सांगणारा त्याहून मोठा पिशाच. आठ-नऊशे वर्षं झाली, पिशाच बांधावरच उभे आहेत. मीही त्यातलाच एक होतो. तुझ्यासमोर कोण उभा राहील हे मला माहीत आहे गं. नोटीस सगळ्या लगतच्या खातेदारांना पोचली का ते बघ. वाद जुना असेल तर बंदोबस्त माग, त्यात कमीपणा नाही. घाबरवायचं नाही मला तुला. तू हुशार आहेस, तुझं बोलणंही गोड आहे. पण माझंही बोलणं एरवी गोडच असतं.

काकूने शेवया दिल्यात, येणाऱ्याबरोबर पाठवतो. आईचा गुडघा बरा आहे. विहिरीला पाणी आहे अजून.

तुझे,
नाना

ता. क. तुझ्याबरोबर मोजणीला कोण शिपाई असतो त्याचं नाव कळव. उगीच विचारतो.