समुद्र दारात असताना अंदमानला कशाला?

ठाणे, १० डिसेंबर

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलं असतं तर पहिल्याच वाक्याला बाबा "बघू" म्हणाले असते, आणि आपल्या घरात "बघू"चा अर्थ काय होतो ते मला पुरतं ठाऊक आहे. म्हणून लिहिते आहे. अंदमानची तिकिटं काढून झाली. ७ फेब्रुवारीला जायचं, १३ला परत. तुम्ही दोघं, आम्ही दोघं आणि ओवी. महाशिवरात्र १५ला आहे, तेव्हा आईचा उपास आपल्या देवांपुढेच होईल.

लेकीच्या पैशानं कसं जायचं, हे आई म्हणणारच. आई, हिशेबच मांडायचा असेल तर माझ्या कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी तुझ्या पाटल्या कुठे गेल्या तिथपासून मांडू. चालेल? नाहीतर गप्प बस. गणपतीत मी आले नाही ते मला अजून लागून राहिलंय, पण ही सहल म्हणजे त्याची भरपाई नाही, तसं मनात आणू नका.

आणि बाबांचा मुद्दा मी ऐकते आहेच, की रत्नागिरीत भाट्याचा समुद्र दारात असताना विमानानं दुसरा समुद्र बघायला कशाला जायचं. बाबा, भाट्याला ओवीला गुडघाभर पाण्याच्या पुढे नेता येत नाही. लाट परतते तेव्हा पायाखालची वाळू ओढून नेते, आणि तुम्ही माझं कोपर धरून उभे राहायचात तसं आता तिला धरून उभं राहायचं तर तुमच्या गुडघ्यावर ताण. नील बेटावरचं भरतपूर वेगळं आहे. पुढे प्रवाळाचा कठडा आहे, लाटा त्याच्यावरच फुटतात, आत पाणी परातीतल्यासारखं निवांत असतं. तळ स्वच्छ दिसतो. चार वर्षांच्या मुलीला बसवून ठेवावं असं पाणी आपल्या किनाऱ्यावर मिळत नाही.

सगळे हॅवलॉक बेटावर जातात. मी हॅवलॉक कापलं. राधानगरचा किनारा सुंदर आहे यात वाद नाही, पण तिथे लाट आहे, आणि बेट वाढवलं की बोट वाढते. एका बोटीमागे अर्धा दिवस जातो. तासभर आधी धक्क्यावर हजर राहा, सामानाला चिठ्ठ्या लावा, रांग, तपासणी, उतरल्यावर पुन्हा खोली ताब्यात मिळेपर्यंत सामानावर बसून राहा. लहान मूल या बसून राहण्यात बिघडतं, फिरण्यात नाही. म्हणून आधी दोन रात्री पोर्ट ब्लेअर (आता कागदोपत्री श्री विजयपुरम, तिकिटावर कुठलंही नाव दिसलं तरी गोंधळू नका), मग तीन रात्री सलग नील, म्हणजे शहीद द्वीप, आणि शेवटची रात्र पुन्हा पोर्ट ब्लेअर. ती शेवटची रात्र फुकट वाटेल. ती मुद्दाम ठेवली आहे. वारा सुटला की बोटी रद्द होतात, आणि त्याच दिवशीचं विमान असलं की माणसं धक्क्यावर रडकुंडीला येतात.

तारखा धरताना मी तुमचंच कॅलेंडर वापरलं. ९ फेब्रुवारीला वद्य अष्टमी, म्हणजे नीलला आपण भांगाच्या, लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत पोचतो. उधाणात तिथे पाणी दोनेक मीटर वरखाली होतं, आणि भरतपूरचं तळं इतकं उथळ की ओहोटीला पाण्याच्या जागी प्रवाळाचे खडक उघडे पडतात. ओवीला पाय ठेवायला जागा नाही, काचेच्या तळाची बोटही मग लांबून सुटते. भांगात हा फरक कमी असतो. मात्र तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचं आपलं गणित तिथे लावू नका, ते आपल्या किनाऱ्याचं आहे. पोर्ट ब्लेअरचं भरतीचं कोष्टक मी छापून आणते, तुम्ही त्यावर रोजच्या वेळा लाल पेनानं खुणा करून ठेवा. हे काम तुमचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, घड्याळ. अंदमान आपल्यापेक्षा इतकं पूर्वेला आहे की तिथला सूर्य रत्नागिरीपेक्षा सव्वा तासाहून जास्त पुढे धावतो, पण घड्याळ मात्र आपलंच. त्या आठवड्यात तिकडे पावणेसहाच्या आत उजाडतं आणि साडेपाचच्या आत सूर्य बुडतो. डोक्यावर तो साडेअकरालाच येतो. मुंबईच्या सवयीनं लोक नऊला न्याहारी करून दहाला पाण्यात उतरतात, ते ऐन माध्यान्हीच्या तोंडाशी, आणि संध्याकाळी पाचला चहा घेऊन निघतात तेव्हा दिवस संपलेला. मुलं भाजून निघतात ती यामुळे. आपला दिवस असा: साडेपाचला उठायचं, सहा ते साडेआठ पाणी, मग न्याहारी, नऊ ते अडीच सावली, जेवण आणि झोप, तीननंतर पुन्हा किनारा. बाबा, हे तुमचंच वेळापत्रक आहे. पहाटे उठून घरभर भांडी वाजवण्याबद्दल या वेळी कोणी काही बोलणार नाही.

खरं सांगायचं तर सगळा बेत ओवीच्या मापानं शिवला आहे. दिवसाला एकच गोष्ट. जेवल्यावर झोप. मऊ भात मिळेल अशी जागा. संडास जवळ. यात तुमच्या वयाचा काही संबंध नाही, उगाच वाईट वाटून घेऊ नका, चार वर्षांच्या मुलीला हेच लागतं.

नीलला खोली तळमजल्यावरची घेतली आहे, उंबऱ्यापासून वाळूपर्यंत एकही पायरी नाही. कमोड आहे, गरम पाणी आहे. चहाला किटली खोलीत आहे, आई, तुझा गवती चहा सुकवून आण, दूध पावडर मी आणते. बेट बंगाल्यांचं, पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांनी वसवलेलं, त्यामुळे भात, डाळ, भाजी आणि मासळी हेच रोजचं. भाजी तर तिथेच पिकते. तिखट कमी करा म्हटलं की करतात. गावांची नावं सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर. ओवीला रामायण सांगायचं काम आईकडे, म्हणजे "आज कुठे जायचं" याचं उत्तर रोज गोष्टीतून निघेल.

लक्ष्मणपूरला दोन जागा आहेत. एकीकडे पांढरी वाळू आणि सूर्यास्त, तिथे सगळे जाऊ. दुसरीकडे खडकाची नैसर्गिक कमान आहे, तिथले बंगाली तिला हावडा ब्रिज म्हणतात. तिथवर ओहोटीच्या वेळी मेलेल्या प्रवाळावरून चालत जावं लागतं, ते शेवाळलेलं आणि धारदार असतं. चपलेनं पाय सटकतो, अनवाणी गेलात तर कापतो. बाबा, तुम्ही पायऱ्या उतरून पहिल्या डबक्यापर्यंतच या. तिथेच समुद्री काकड्या, खेकडे आणि बोटाएवढे निळे मासे दिसतात, ओवीलाही तेवढंच पुरेल. सीतापूरला फक्त उगवता सूर्य बघायचा, पोहायचं नाही, तिथे लाट आणि ओढ आहे. आणि कुठल्याही किनाऱ्यावर मगरीच्या इशाऱ्याचा फलक दिसला तर तिथून मागे फिरायचं. खाऱ्या पाण्यातल्या मगरी तिथे खरोखर आहेत.

ओवी पाण्यात एका वेळी वीस-पंचवीस मिनिटं. ओठ निळसर दिसले की बाहेर, ती कितीही ओरडली तरी. दंडावर चढवायचे फुगे मी आणत नाही. ते सटकतात, आणि मूल सुरक्षित आहे असं वाटून मोठ्यांचं लक्ष उडतं. तिच्या वजनाचं, दोन पायांमधून पट्टा येणारं जॅकेट घेतलं आहे. पट्टा नसलेलं जॅकेट पाण्यात वर सरकतं आणि मूल त्यातून खाली निसटतं. जॅकेट असलं तरी कुणीतरी एक जण हाताच्या अंतरावर हवाच. नळी तोंडात धरून श्वास घेणं तिला जमणार नाही, पण नुसता चष्मा लावून गुडघाभर पाण्यात मान घालता येईल. त्याची तालीम आम्ही इथे बादलीत करतो आहोत. तळाशी रुपया, पाच रुपये, एक बटण टाकायचं आणि काय दिसतं ते ओरडून सांगायचं. पहिल्या दिवशी नाकात पाणी गेलं, कारण चष्म्याखाली केसांची बट अडकली होती. एक बट पुरते गळायला. आता दोन वेण्या घालते.

वाळूत खेळायला नवी खेळणी घेऊ नका. आईचे जुने डालड्याचे डबे, चहाची मोडकी गाळणी आणि एक डाव पुरे. हे सगळं बाजारच्या जाळीच्या पिशवीत आणायचं, वाळू आपोआप गळून जाते. अंगाची वाळू पाण्यानं धुवत बसू नका, आधी कोरडी पावडर चोळा, ओल शोषली गेली की वाळू झटकन पडते. पूर्ण बाह्यांचा पोहायचा सदरा तिला घेतला आहे, त्यामुळे क्रीम चेहरा, कान, मानेमागे, गुडघ्यांमागे आणि पायाच्या पंज्यांवर. पंजे सगळे विसरतात आणि रात्री तेच चुरचुरतात. पाण्यात जाण्याआधी वीस मिनिटं लावायचं, पुसल्यावर पुन्हा. बाबा, तुमच्या टकलालाही. टोपी घालतो म्हणू नका, ती छत्री कुठे राहिली ते आठवतं आहे मला.

सकाळ-संध्याकाळ ओल्या वाळूवर बारीक वाळूमाश्या असतात. चावल्याचं तेव्हा कळत नाही, दुसऱ्या दिवशी लाल गांधी उठतात आणि आठवडाभर खाजतात. उघड्या वाळूवर बसायचं नाही, चटई घ्यायची, पायांना खोबरेल लावायचं, वाळलेल्या समुद्री गवताच्या ढिगाजवळ ओवीला खेळू द्यायचं नाही. कॅलामाइन माझ्याकडे आहे. जुलाबावरचं मीठ-साखरेचं पाकीट (ओआरएस) आईनं मागच्या वेळी अर्धं अर्धं पेल्यात कालवलं होतं, तसं करू नको. एक लिटरचं असेल तर पुरं एक लिटर पाणी, नाहीतर मीठ जास्त होतं.

शंख-शिंपले आणि प्रवाळाचा तुकडासुद्धा उचलून आणायचा नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्यात बरंच काही बसतं, विमानतळावर पिशव्या तपासतात. ओवीला कायदा काय सांगणार? तिला सांगितलं आहे की रिकाम्या शंखात खेकडा राहायला येतो, तो नेला की त्याचं घर गेलं. वही आणि खडू बरोबर घेतलेत, शंख कागदावर ठेवून कडेनं रेघ मारायची आणि शंख परत ठेवायचा. आई, देव्हाऱ्यासाठी म्हणून तू एक पदरात बांधशील, मी ओळखून आहे.

पोर्ट ब्लेअरला ८ची सकाळ फक्त बाबांची. सेल्युलर जेल. ओवी आमच्याबरोबर बाहेर राहील, तुम्हाला कुणी "चला" म्हणणार नाही. पतितपावन मंदिरावरून तुम्ही चाळीस वर्षं सायकल काढलीत, १९२४ पासूनचं सावरकरांचं रत्नागिरीतलं सगळं तुम्हाला पाठ आहे. १९११ मध्ये त्यांना जिथे आणून टाकलं ती जागा तुम्ही पाहिली नाही, हे मला बरोबर वाटत नाही. सातांपैकी तीनच इमारती आता उभ्या आहेत. कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे, जिने आहेत. मधल्या मजल्यावर थांबून पाणी प्यायचं आणि कठड्याच्या बाजूनं चढायचं. संध्याकाळचा प्रकाश-ध्वनी कार्यक्रम लहान मुलाला झेपत नाही, अंधार पडला की ती झोपते. तुम्ही आणि जावई जा. दुपारी तीनला सगळे रॉस बेटावर, बोटीनं वीसेक मिनिटं. तिथे हरणं आणि मोर माणसांत फिरतात, आणि इंग्रजांच्या पडक्या भिंती झाडांच्या मुळांनी गिळल्या आहेत. चढाला बॅटरीची गाडी मिळते, तिच्यात बसायचं.

बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा वगळल्या. पहाटेच्या काळोखात ताफ्यात गाडी लावायची, कित्येक तास रस्ता, आणि तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. कुणाच्या घरातून गाडी नेऊन त्यांच्याकडे टकमक बघायचं, हे ओवीला दाखवावंसं वाटत नाही.

आता गुपचूप ऐका. ५ला रात्री कोकणकन्या, दोन्ही बर्थ खालचे. ठाण्याला उतरायचं, एक दिवस विश्रांती, मग विमान. विमानतळावर बाबांसाठी व्हीलचेअर सांगितली आहे. चालता येत नाही म्हणून नव्हे हो, तिच्यामागे ओवीसकट सगळ्यांना एकाच रांगेतून सोडतात आणि तास वाचतो. गोळ्या हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत अजिबात नाही, आणि चार दिवसांच्या जादा. आधार कार्डं मूळ, बोटीवरही बघतात. नीलला रोख लागते, एटीएमचा भरवसा नाही. फोनला रेंज असेल-नसेल, शेजारच्या काकूंना आधीच सांगून ठेव, दोन दिवस फोन लागला नाही तर पोलिसात जाऊ नका. बोट लागू नये म्हणून मधल्या रांगेत बसू, न्याहारीला कोरडी पोळी, आणि मोबाइलकडे न बघता लांब क्षितिजाकडे बघायचं. गोळी हवी का ते डॉक्टरांना पुढच्याच खेपेला विचारा. मी मंगळवारी फोन करून विचारलंत का ते विचारणार आहे.

ओवी रोज झोपताना विचारते की आजोबा पाण्यात येणार का. मी "हो" सांगून बसले आहे.

तुमची,
मनू

ता. क. आई, लाडू एक किलोच्या वर नको. मुंग्या तिथेही आहेत.