हादग्याची कडू भाजी

सांगली,
कोजागिरीचा दुसरा दिवस

प्रिय शैले,

मे महिन्यात तुझ्या घरून निघताना 'पोचले की लिहिते' म्हणाले होते. आज लिहितेय. रागाव, हक्क आहे तुझा. पण हे फोनवर बोलता येत नाही. आई पलीकडच्या खोलीत असते आणि तिचे कान अजून खणखणीत आहेत.

माझं बरं आहे. गुडघा दुखतो, चालायचंच. यांची शुगर आटोक्यात आहे.

गेल्या मंगळवारी आईने हादग्याच्या फुलांची भाजी केली. पहिला घास घेतला आणि कडूजहर! आईची भाजी, शैले! आठवतं ना, परातभर फुलं पुढ्यात टाकून आपल्याला ओसरीवर बसवायची. फुलाची हिरवी टोपी खुडायची, पाकळ्या सैल करायच्या आणि आतला वाकडा केसर चिमटीत धरून अख्खा ओढायचा. 'एक राहिला तरी कढई कडू,' म्हणायची. तू एकदा मुद्दाम दोन फुलं तशीच ढकललीस, तर तिने ढिगातून नेमकी तीच उचलून तुझ्या नाकासमोर धरली होती. त्याच बाईच्या भाजीत मी चमच्याने चाचपून बघितलं, तर घासाघासाला केसर. पांढऱ्या पाकळीतला तो फिकट दांडा तिला दिसलाच नव्हता. आणि ती माझ्या तोंडाकडे बघत विचारत होती, 'मूगडाळ शिजलीय ना गं नीट?' मी सगळी भाजी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मिरजेला नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा तर चांगलाच पिकलाय. डॉक्टर म्हणाले, आता थांबू नका. भिंग जितकं कडक होईल तितकं ऑपरेशन अवघड. आई तिथे काही बोलली नाही. रिक्षात बसल्यावर म्हणाली, 'माझं औषध चालू आहे.'

औषध म्हणजे काय, तर नवरात्रापासून रोज सकाळी हादग्याची फुलं चुरगाळून रसाचे दोन थेंब डोळ्यात! डोळा लाल होतो म्हणून मी विचारलं होतं, तर धूळ गेली म्हणाली होती.

मी तिच्यावर ओरडले, शैले. भर रस्त्यात. तेव्हापासून आमचं बोलणं जेवणापुरतं आहे.

तिचं सगळंच खोटं असतं तर सोपं होतं. आजोबांनी तिला शिकवलेलं खरंच आहे. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात अगस्तीच्या, म्हणजे आपल्या हादग्याच्या, फुलाला शीत, कडू-तुरट, पडशावर गुणकारी आणि नक्तांध्य, म्हणजे रातांधळेपणा, घालवणारं म्हटलंय. हादग्याच्या पाल्यात कॅरोटीन भरपूर असतं, कॅल्शियम तर 100 ग्रॅमला 1,100 मिलिग्रॅमच्या वर. अ जीवनसत्त्व कमी पडून रातांधळेपणा येतो, त्यात असा पाला पोटात गेलेला चांगलाच. फुलंही हलकी, 100 ग्रॅमला जेमतेम 27 कॅलरी आणि क जीवनसत्त्व 70 मिलिग्रॅमच्या आसपास. शिजवल्यावर ते बरंच कमी होतं, म्हणून तिची 'झाकण ठेवून एक वाफ, बस' ही पद्धतच योग्य. पण रातांधळेपणा वेगळा आणि मोतीबिंदू वेगळा. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंगच गढुळतं, ते कुठल्या फुलाने निवळणार? आणि झाडावरच्या फुलाचा न गाळलेला रस डोळ्यात घालणं म्हणजे जंतूंना आमंत्रण. हे मी तिला शांतपणे सांगायला हवं होतं.

झाड तेच नाही हं, तू ज्याची फांदी मोडलीस ते. (तूच मोडलीस. 1984 साल, हस्त लागल्याचा दुसरा दिवस, खिरापतीला तुझ्या आईची साटोरी होती आणि मार मी खाल्ला. अजून कबूल करत नाहीस!) हादग्याचं लाकूडच ठिसूळ, झाड फार वर्षं टिकत नाही. हे तिसरं. दरवेळी आई हातभर लांबीच्या शेंगांतलं बी राखून नवं लावते. यंदा फुलांनी नुसतं लगडलंय. खाली पडलेली फुलं ती आता हाताने चाचपत गोळा करते. खिडकीतून ते बघवत नाही मला.

तुझ्या लेकाने बँकॉकहून त्या आंबट कालवणाचा फोटो पाठवला होता ना, त्यात आपली हादग्याचीच फुलं आहेत. आईला सांगितलं तेव्हा तिने पहिलं विचारलं, 'केसर काढतात का ते?' त्याची नोकरी पक्की झाली का? सुनेचं बाळंतपण नागपूरला की तिकडे? सासूबाईंना नमस्कार सांग.

आता माझं काम. आई तुझं ऐकते. बाबांच्या वेळी दवाखान्यात तिला दोन घास तूच भरवलेस, मला जमलं नव्हतं. रविवारी साडेचारला, तिचा चहा झाल्यावर फोन कर. भाजी कडू झाली होती हे तिला सांगू नकोस, तिला अजून माहीत नाही. एवढंच म्हण, की दिवाळीला येतेय, मला हादग्याची भाजी पाहिजे आणि फुलं तुम्हीच निवडायची, त्याआधी डोळा करून घ्या. मी खोलीत थांबणार नाही. तुमचं तुम्ही बोला.

दवाखान्यात बुधवारची तारीख मिळतेय. सोमवारपर्यंत हो-नाही कळवायचंय.

तुझी,
नीलू