बाबांची वही आणि नवी गाडी

पुणे, रविवार

ती. आई-बाबा,

सा. नमस्कार.

फोनवर बोलून बघितलं, तीनदा. तिन्ही वेळा बाबा "डिझेलच घ्यायची, विषय संपला" म्हणाले आणि फोन आईकडे गेला. आई, तू म्हणालीस, "पाय पसरूक गावले म्हणजे माका पुरे." म्हणून पत्र लिहितेय. पत्र तरी कुणी अर्ध्यावर दुसऱ्याच्या हातात देत नाही.

बाबा, तुमचं डिझेलप्रेम खुळं आहे असं मला मुळीच वाटत नाही. २०१२ साली तुम्ही स्विफ्ट घेतलीत तेव्हा तोच शहाणपणा होता. फिरतीची नोकरी, आज देवगड, उद्या वेंगुर्ला, परवा कोल्हापूर. पेट्रोल आणि डिझेलच्या भावात वीस रुपयांहून जास्त फरक, कारण डिझेलचा भाव तेव्हा सरकार धरून ठेवत होतं. आणि ते १२४८ सीसीचं इंजिन! सावंतवाडीत टाकी भरायची, पुण्याला यायचं, माझ्याकडे दोन दिवस राहायचं आणि परत सावंतवाडीतल्याच पंपावर टाकी भरायची. वाटेत पंपाकडे ढुंकूनही बघायचं नाही. हे तुम्ही किती जणांना किती वेळा सांगितलंय, ते आईला विचारा.

पण ते इंजिन २०२० च्या एप्रिलमध्येच बंद झालं. बीएस ६ चे धुराच्या प्रदूषणाचे नियम आले आणि छोट्या डिझेल गाड्या एकामागून एक बाजारातून गेल्या. आज तुम्ही "डिझेल" म्हणता तेव्हा तुमच्या डोळ्यांसमोर आपली जुनी गाडी असते. शोरूममध्ये उभी आहे ती वेगळी वस्तू आहे, आणि या पत्रात मला मुख्यतः तेच सांगायचंय.

त्याआधी एक कबुली. दिवाळीत आले होते तेव्हा तुमच्या वहीचे फोटो काढून आणलेत. तीच, टेबलाच्या खणातली, निळ्या पुठ्ठ्याची. तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये, आणि शेवटच्या रकान्यात कुठे गेलो ते. न विचारता काढले, रागवायचं तर रागवा. पण तुमच्याशी वाद घालायचा तर तुमच्याच अक्षरातला पुरावा हवा, एवढं मी तुमच्याकडूनच शिकलेय.

नोकरीच्या शेवटच्या चार वर्षांत गाडी सरासरी २२,००० किलोमीटर चालली. गेल्या वर्षी ७,६००. त्यात पुण्याच्या चार खेपा मिळून ३,०००, पंढरपूर-अक्कलकोटला ८००, गोव्यात बांबोळीला डोळे दाखवायला आणि म्हापशाच्या बाजाराला मिळून ११००. उरलेले २,७०० किलोमीटर सगळे घर ते बाजार, बाजार ते बँक, बँक ते मोती तलाव. लांबचे दिवस बोटांवर मोजले तर वर्षात एकवीस भरले. बाबा, तुम्ही फोनवर सारखं "आपल्याला लांबचा प्रवास असतो" म्हणता. असतो, खरंच असतो. एकवीस दिवस असतो.

आता पैसे. तुम्ही पाठवलेली दोन्ही कोटेशनं समोर ठेवलीत. साधी पेट्रोल आणि डिझेल यांत ऑन रोड दीड लाखाचा फरक आहे. मूळ किंमत जास्त, त्यावर आपल्याकडे रोड टॅक्सही डिझेलला दोन टक्के जास्त: दहा लाखांच्या आतल्या गाडीला पेट्रोलसाठी ११ टक्के, डिझेलसाठी १३. तुमच्या पंपावरचा भाव तुम्हीच सांगितलात तो धरला, पेट्रोल १०५, डिझेल साडेएक्याण्णव. पेट्रोलला १६ चं अ‍ॅव्हरेज आणि डिझेलला २० चं. म्हणजे किलोमीटरला साडेसहा रुपये विरुद्ध साडेचार. फरक दोन रुपये. वर्षाचे वाचतात १५,२००. दीड लाख फिटायला जवळजवळ दहा वर्षं. तुम्ही आज ६७ आहात. पूर्वीच्या २२,००० च्या हिशेबाने हेच साडेतीन वर्षांच्या आत फिटलं असतं, म्हणजे तेव्हा तुम्ही बरोबरच होता.

शिवाय एक गोष्ट तुम्ही हिशेबात धरलीच नाही, आणि सावंतवाडीच्या माणसाने ती विसरावी याचं आश्चर्य वाटतं. बांद्याच्या पुढे पत्रादेवीला गोव्याची हद्द ओलांडली की पेट्रोल आठेक रुपयांनी स्वस्त आणि डिझेल फक्त तीनेक रुपयांनी. म्हापशाला गेल्यावर तुम्ही टाकी फुल्ल करून येताच. त्या दिवशी पेट्रोलवाल्याचा फायदा जास्त.

इथे थांबले असते तर मी जिंकले असते. पण तुम्ही लगेच विचारणार, "आणि आंबोलीचा घाट?"

मावशीच्या मुलाच्या पेट्रोल गाडीतून आपण घाट चढलो होतो ते मीही विसरलेले नाही. पाच माणसं, मागे तांदळाचं पोतं, एसी बंद केला तरी गाडी दुसऱ्या गिअरवर कण्हत होती आणि तुम्ही शेजारी बसून मनातल्या मनात क्लच दाबत होता. त्या दिवसापासून तुमच्या डोक्यात पक्कं बसलंय की पेट्रोलला दम नसतो. पण दोष पेट्रोलचा नव्हता. त्या गाडीला टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, नव्हता. साध्या बाराशे सीसीच्या पेट्रोल इंजिनाची ओढ (टॉर्क) ११० न्यूटन-मीटरच्या आसपास, तीही इंजिन मिनिटाला चार हजार फेऱ्यांपर्यंत किंचाळवल्यावर मिळते. दीड लिटरचं डिझेल तिच्या दुप्पट ओढ दीड-दोन हजार फेऱ्यांतच देतं, म्हणून वळण घेऊन पाय ठेवला की गाडी उठते. डिझेलला स्पार्क प्लग नसतो, हवा खूप दाबून तापवायची आणि त्यात डिझेल फवारायचं, ते आपोआप पेटतं. दाब जास्त म्हणून एका थेंबातून काम जास्त निघतं. एक लिटर डिझेलमध्ये मुळात ऊर्जाही थोडी जास्त असते. अ‍ॅव्हरेजचं गुपित एवढंच.

टर्बो असलेलं पेट्रोल मधलं आहे. ओढ साधारण १७०, पण तीही खालच्या फेऱ्यांतच मिळते. घाटाला पुरते. अडचण अशी की ती गाडी साध्या पेट्रोलहून महाग आणि पितेही जास्त. १५ चं अ‍ॅव्हरेज धरलं तर किलोमीटरला सात रुपये. त्याच कोटेशनात टर्बो आणि डिझेल यांत फरक ८५,००० चा आहे. म्हणजे डिझेल साडेचार-पावणेपाच वर्षांत फिटतं. इथे माझा हिशेब डळमळतो, मान्य आहे. लपवू शकले असते, पण वहीवाल्या बापाला फसवणं जमत नाही.

तरीही मी पेट्रोल टर्बोच म्हणतेय, ते धुराच्या नळीतल्या एका डब्यामुळे.

नव्या डिझेल गाड्यांना धुराच्या वाटेवर डीपीएफ नावाची जाळी असते, चिनी मातीच्या मधमाशीच्या पोळ्यासारखी. काजळी बाहेर जाऊ नये म्हणून ती अडवून ठेवते. काजळी साठली की ती जाळून टाकावी लागते, आणि त्यासाठी तिथे सहाशे अंशांच्या आसपास तापमान लागतं. हायवेवर वीस-पंचवीस मिनिटं एका लयीत गाडी हाकली की ते काम होऊन जातं, चालवणाऱ्याला कळतही नाही. पण घर ते बाजार तीन किलोमीटर, तेही पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, यात इंजिन धड तापतसुद्धा नाही. गाडी जाळी साफ करायला घेते, जादा डिझेल फवारते, तेवढ्यात तुम्ही भाजी मार्केटपाशी चावी फिरवून बंद करता. असं चार-पाच वेळा झालं की ते न जळलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. आमच्या सोसायटीत खालच्या मजल्यावर एकांची नवी डिझेल आहे, ऑफिस चार किलोमीटरवर. एका सकाळी त्यांनी ऑइलची दांडी बाहेर काढली तर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेलं! तुमच्या चाळीस वर्षांच्या ड्रायव्हिंगमध्ये असं कधी बघितलंत? शेवटी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. गॅरेजवाल्याने सांगितलं, एक्स्प्रेसवेवर नेऊन आणा. आता ते बिचारे दर पंधरा दिवसांनी रविवारी सकाळी लोणावळ्यापर्यंत जाऊन चहा पिऊन येतात, गाडीची तब्येत राहावी म्हणून. किलोमीटरला जे दोन रुपये वाचतात ते तिकडे टोलमध्ये जातात.

तुम्ही म्हणाल, बांबोळीच्या फेरीत जाळी साफ होईल की. होईल. झाराप-पत्रादेवीचा रस्ता त्यासाठी झकास आहे. पण वही परत उघडा. जून ते सप्टेंबर शेवटच्या रकान्यात काय लिहिलंय? बाजार, बाजार, बँक, डॉक्टर, बाजार. चार महिने गाडी तालुक्याबाहेर गेलेली नाही, आणि तुमच्या धोधो पावसात ती जावी असं मलाही वाटत नाही.

काही डिझेल गाड्यांत वर युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी असते, अ‍ॅडब्लू म्हणतात ते. ती रिकामी होऊ दिली तर गाडी पुन्हा चालूच होत नाही. ज्या कोटेशनवर तुमचा जीव जडलाय त्या गाडीत ती आहे का, हे शोरूममधल्या त्या पोराला विचारून ठेवा. तो "मेंटेनन्स सेमच आहे काका" म्हणाला, तर सर्व्हिसचं दरपत्रक छापील मागा.

मामांनी पाठवलेले दोन फॉरवर्डही वाचले. दहा वर्षांनी डिझेल गाडी जप्त होते, हा नियम दिल्ली आणि तिच्या आसपासचा. त्यावर कोर्टात बरंच काही चाललंय, पण आपल्या एमएच ०७ ला तो लागू नाही. आपल्याकडे पंधरा वर्षांनी पुन्हा नोंदणी आणि वर ग्रीन टॅक्स, तेच स्विफ्टचं २०२७ मध्ये येतंय. दुसरं, पेट्रोलमधलं इथेनॉल. २०२३ नंतरच्या गाड्यांचे पाइप आणि वायसर त्याला चालतील असेच बनवलेत, त्यामुळे नव्या गाडीला भीती नाही. अ‍ॅव्हरेज थोडं पडतं हे खरं, इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी असते. मी धरलेले आकडे ते पडलेलेच आहेत. फक्त पावसाळ्यात टाकी तळाला आणून महिनाभर उभी करू नका. इथेनॉल पाणी ओढतं. सीएनजीचं नाव काढत नाही, डिकीत सिलिंडर आल्यावर आईचे नारळ माझ्या मांडीवर येतील.

आता जे फोनवर बोलले नाही ते. आईने मला सांगितलंय, गेल्या खेपेला खंबाटकीच्या अलीकडे तुम्ही अर्धा तास गाडी कडेला घेऊन बसला होता. समोरच्या दिव्यांनी डोळे दिपत होते म्हणून. (आई, सांगू नको म्हणाली होतीस, पण हे मी ठेवून घेणार नाही.) बाबा, तुम्ही गाडी चालवू नका असं मी म्हणत नाहीये. तुम्ही स्वतः चालवत पुण्याला आलात की गेटपाशी हॉर्न वाजतो आणि मला आजही शाळेतून आल्यासारखं वाटतं. पण ३७० किलोमीटर एका दमात आता नको. कोल्हापूरला मावशीकडे मुक्काम करा, सकाळी उठून निघा, अंधार पडायच्या आत माझ्याकडे. आणि तसं केलंत तर एका टाकीत जाऊन-येऊन करायची गरजच उरत नाही, कोल्हापूरला तसंही थांबणारच आहात. डिझेलची निम्मी शान तिथेच जाते. म्हणून एवढा विरोध आहे का तुमचा?

बुकिंगचे पैसे अजून भरू नका. मी शुक्रवारी रात्रीच्या बसने निघतेय, शनिवारी सकाळी घरी. शोरूमला फोन करून ठेवलाय, दोन्ही गाड्या टेस्ट ड्राइव्हला मिळतील. तळ्याभोवती फेरी मारून देतात तशी नको. दाणोलीच्या पुढे घाटात न्यायची, चौघं बसून, एसी लावून. आधी डिझेल, मग टर्बो, आणि दोन्ही तुम्ही चालवायच्या. मी मागे आईशेजारी बसते. पाय पसरता येतात का तेही बघून होईल. वर चहा पिताना वहीत तुम्ही जे लिहाल ते मला कबूल. अगदी डिझेल लिहिलंत तरी. मग मात्र पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी पत्रादेवीपर्यंत गाडी फिरवून आणायची, हेही त्याच वहीत लिहून सही करायची.

तुमची,
धाकटी

ता. क. आई, मी परत निघताना सोलं (आमसुलं) देऊ नकोस, गेल्या वेळची अजून आहेत. पण नारळाची दोन पोती पडवीत भरून ठेव. रिकाम्या डिकीने घाट सगळ्याच गाड्या चढतात.